किल्ली आधी माझ्या हातात

जुनं घर बघायला गेलो की मी आधी गच्चीवर चढतो. खोल्या नंतर. खोल्यांना मालकाने कालच रंग मारलेला असतो, गच्चीला कोणी मारत नाही. बादलीभर पाणी ओतायचं आणि गप उभं राहायचं. पाणी कुठे धावतं, कुठे अडतं ते बघायचं. ओमानच्या उन्हात सगळंच पटकन सुकतं, म्हणून नजर हलवायची नाही. जिथे ओल मागे राहते तिथे खाली सळई गंजलेली असणार, मग मालक कितीही आग्रहाने खजूर खाऊ घालो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत नाव घातलं होतं, पण मी गेलो नाही, कारण मास्तरने एकदा विनाकारण मारलं आणि मी ठरवलं की नाही जायचं. नाही म्हणजे नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात गवंडीकाम शिकलो आणि त्याच कामावर इथे आलो. माझ्या रेसिडेंट कार्डावर आजही धंदा म्हणून ‘गवंडी’ लिहिलंय. त्याची मला लाज नाही. पण मी नुसता गवंडी राहिलो नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

इथे आपला व्हिसा ज्याच्या नावावर असतो त्याला अर्बाब म्हणतात. माझा अर्बाब खाबुऱ्याचा, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या एका गावचा, माझ्याच वयाचा. त्याच्या चुलत्याचं एक जुनं घर पाडायचं ठरलं होतं आणि पाडायला मला बोलावलं होतं. मी गच्चीवर जाऊन आलो आणि म्हटलं, हे पाडू नका. भिंतींना खार चढलाय तो खरवडू, छताचा एवढा तुकडा नवीन घालू, आणि विका. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “उस्ताद, नुकसान झालं तर?” मी म्हटलं, “तर माझी मजुरी देऊ नकोस.” नुकसान झालं नाही. तेव्हापासून तो मला उस्तादच म्हणतो आणि आम्ही दोघं हाच धंदा करत आलो. जुनं घर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं. परदेशी माणसाच्या नावावर इथे असं घर होत नाही. घराच्या मालकीच्या कागदाला मुल्किया म्हणतात; त्यावर नाव नेहमी त्याचं. पैसे त्याचे नातेवाईक द्यायचे, खाबुऱ्याच्या बाजारातले व्यापारी. घराचेही द्यायचे आणि दुरुस्तीचेही. काम माझं. वर जे उरेल ते अर्धं अर्धं.

आमच्यात कागद कधी झाला नाही. लोक आता मला विचारतात, का नाही केलास. कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं की मला तुझा भरवसा नाही. त्यानेही माझ्याकडे सिमेंटची बिलं कधी मागितली नाहीत. मी आज पुन्हा तरुण होऊन इथे आलो तरी त्याच्याकडे कागद मागणार नाही.

आमचा एक रिवाज मात्र होता. घर घेतलं की विकणारा किल्ली अर्बाबच्या हातात द्यायचा. तो ती तळहातावर जरा वर-खाली करायचा, जशी काही वजन करतोय, आणि मग माझ्या हातात द्यायचा. “यल्ला उस्ताद, घर तुम्हारा.” दार मी उघडायचं, आत मी आधी जायचं, तो मागून. मालकाच्या आधी गवंडी घरात शिरतो हे बघून विकणारे चकित व्हायचे. अर्बाब हसायचा. कितीतरी घरं अशी उघडली.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उपचारासाठी त्याला हिंदुस्थानात नेलं, परत आणलं, आणि आमच्या धंद्यात जो काही पैसा फिरत होता तो त्यात संपला. माझाही. मी दिला, त्याने मागितला नव्हता. आता तो मस्कतजवळ अल अमेरातला मुलाच्या घरी मागच्या अंगणात खुर्चीवर बसलेला असतो. दोन शब्द उरले आहेत त्याच्याकडे. यल्ला, आणि झैन. यल्ला म्हणजे चल, झैन म्हणजे छान. बाकी सगळं आत राहिलं.

मी गप बसलो असतो. पण अमेरातलाच, डोंगराच्या पायथ्याला, एक घर होतं. एका म्हाताऱ्या विधवा बाईचं. हे घर अर्बाबने आणि मी झटक्याच्या आधी बघून ठेवलं होतं. गच्ची उत्तम, नुसती न्हाणीघरं आणि वायरिंग गेलेलं. अंगणात बोराचं मोठं झाड. बाई मुलीकडे राहायला जाणार होती. शेजारच्या प्लॉटवाल्याला ते घर पाडून फ्लॅट बांधायचे होते आणि तो तिच्या मागे लागला होता. ती मला म्हणाली, “तुम्ही घ्याल तर झाड राहील. ईदपर्यंत थांबते.” मी शब्द दिला. अर्बाब बोलू शकत नव्हता म्हणून दोघांच्या वतीने दिला.

खाबुऱ्याचे व्यापारी म्हातारे झालेत किंवा गेलेत. त्यांची मुलं तोंडी शब्दावर पैसे देत नाहीत, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. बँकेत गेलो तर बँक घराच्या किमतीतला काही भाग देते, बाकी तुमचे घाला म्हणते, आणि दुरुस्तीचं नावच घेत नाही. जुन्या घरात खरा पैसा दुरुस्तीलाच लागतो, हे बँकेला कोण सांगणार.

माझ्या खोलीत माझा जोडीदार राहतो, इलेक्ट्रिशियन, कुडाळकडचा. आमच्या सगळ्या घरांचं वायरिंग त्याने केलं. तो एक दिवस मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसला.

“ह्यां बघ. पैशे देणारी कंपनी हा. घराचे पण देतत, रिपेरिंगचे पण देतत. सगळे. आपलो रियाल सोड, एक बैसासुद्धा घालूक नको.”

“कोणाला देतात?”

“जुनी घरां घेऊन नीट करून इकणाऱ्यांका. पण अनुभवी होयो म्हणता.”

मी म्हटलं, “मग प्रश्नच मिटला.”

“मिटलो म्हणतंस? तारण काय ठेवतलंस, कवळी?”

त्याची जीभ अशीच आहे. पण मला त्या दिवशी राग आला नाही. अनुभवी माणसाला पूर्ण पैसे, हे वाक्य मला आवडलं होतं. मला वाटलं, शेवटी कोणीतरी माझ्यासाठीच एक दार केलंय.

मस्कतला रुवीत त्या कंपनीच्या ऑफिसात एक मुलगी होती, पुण्याची. माझं बोलणं ऐकून तिने लगेच मराठी सुरू केलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, घर नेहमीसारखं अर्बाबच्या नावावर होईल आणि पैसे मी घेईन हेही. खार कसा खरवडायचा, जुन्या घरात पाइप भिंतीतून काढून बाहेरून का घ्यायचे, कुठल्या भागातली घरं लवकर विकली जातात. ती ऐकत होती, खोटं नाही सांगत. मग म्हणाली, “काका, हे सगळं भारीच आहे. पण अनुभव म्हणजे आमच्याकडे काय धरतात, तर आधी केलेली घरं. घेतल्याचा कागद, विकल्याचा कागद. तुमच्या नावाचे.”

“पोरी, माझ्या नावाचे इथे होतच नाहीत.”

“हो, ते माहितीये मला. मग पार्टनरशिपचा करार? कंपनीत तुमचा हिस्सा?”

“हिस्सा आहे. अर्धा.”

“कुठे लिहिलाय?”

मी तिला म्हटलं, “तू चल माझ्याबरोबर. खाली पिकअप उभा आहे. एकेक घर दाखवतो, हात लावून बघ.”

ती हसली नाही. तिने हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “काका, मी बघून उपयोग नाही. मी फक्त फाइल वर पाठवते. वर कोणीतरी सांगणारं हवं की हा माणूस नुसता मिस्त्री नव्हता, भागीदार होता. ज्यांनी घरं घेतली त्यांनी लिहून दिलं तरी मी प्रयत्न करीन.”

मग मी आणि इलेक्ट्रिशियन पिकअप घेऊन फिरलो. जिथे गेलो तिथे लोकांनी आत घेतलं, कहवा दिला. खाबुऱ्याला एका घरी तर जेवल्याशिवाय सोडलं नाही. घर मी केलं होतं तसंच होतं, पायरी तीच, कट्ट्याचा उतार तोच. मालक म्हणाला, “तुमच्या अर्बाबचं घर, माशाल्ला, अजून एक भेग नाही.” मी विचारलं, मी आठवतो का. “आठवतोस की. तूच ना तो, टाकी कुठे ठेवायची त्यावरून माझ्याशी भांडलास?” मी म्हटलं, मीच. आणि अर्धा भागीदार पण मीच होतो, तेवढं लिहून दे. तो बिचारा अडचणीत आला. म्हणाला, “मी पैसे त्याला दिले. सही त्याने केली. तुमच्या दोघांच्या आतलं मी कसं लिहू? अर्बाबला विचार ना.”

सगळ्यांनी हेच सांगितलं. अर्बाबला विचार.

परत येताना गाडी इलेक्ट्रिशियन चालवत होता. मग म्हणाला, “एक सांगू? रागाव नको. तू रोज त्याका कहवो पाजूक जातंस. कागद लिवून घेऊन जा. त्याचो अंगठो घे. त्याका पण तांच होया आसतला.”

“गाडी थांबव,” मी म्हटलं.

त्याने थांबवली नाही. आजारी माणसाचा अंगठा धरून कागदावर दाबायचा, त्याच्या डोळ्यांदेखत. त्याला तेच हवं असेलही. पण हवं आहे म्हणायला त्याच्याकडे तोंड नाही आणि विचारायला माझी जीभ उचलत नाही, तर कसला अंगठा.

शेवटी मी त्याच्या मोठ्या मुलाकडे गेलो. हा मुलगा माझ्यासमोर वाढला. सरकारी ऑफिसात आहे, शिकलेला आहे, मला अंकल म्हणतो आणि मी आलो की उठून उभा राहतो. बापाच्या सगळ्या कागदांवर आता कोर्टाने त्याला सही करायचा अधिकार दिलाय. मी त्याला बाईचं घर सांगितलं, कंपनी सांगितली, त्या मुलीचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, “अंकल, बाबांचे कागद सगळे माझ्याकडे आहेत. चला, मी येतो तुमच्याबरोबर.” रजा टाकून आला. त्याच्या मनात काळं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होतो.

त्या मुलीच्या टेबलावर त्याने एकेक मुल्किया ठेवला. घेतलेल्याचे, विकलेल्याचे, सगळे. मला कागदावर घरं ओळखता येत नव्हती, म्हणून त्याने प्रत्येकाला गावाचं नाव सांगितलं आणि मी मान हलवत गेलो. हे सीबचं, हे बरकाचं, हे अमेरातचं, ज्याची विहीर मी बुजवू दिली नव्हती. मला अभिमान वाटला, लपवत नाही. एवढी घरं एका ठिकाणी मी कधी बघितलीच नव्हती.

मुलगी कागद चाळत होती. मग थांबली. त्याच्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलली. तो म्हणाला, “नाही नाही, अर्ज अंकलसाठी आहे.” तिने पुन्हा काहीतरी सांगितलं, या वेळी हळू. तो माझ्याकडे बघेना.

“काय म्हणते?” मी मराठीतच विचारलं, थेट तिला.

तिने पेन खाली ठेवलं. “काका, या कागदांवर तुम्हाला नाही देता येत. पण यांना देता येतं. वडिलांचा धंदा, वडिलांचा अनुभव, आणि अधिकार यांच्याकडे आहे. यांना पूर्ण मिळतील. घराचे आणि दुरुस्तीचे, दोन्ही.”

“याने तर थापी हातात धरलेली नाही कधी.”

“हो काका.”

एवढंच म्हणाली. मी भांडायला तयार होतो, पण तिने “हो” म्हटल्यावर भांडण कशाशी करायचं ते कळेना.

खाली उतरल्यावर मुलाने मला गाडीत बसवलं आणि एसी लावला. म्हणाला, “अंकल, घर जायला नको. माझ्या नावावर घेऊ. काम तुम्ही बघा. मी पगार देईन, चांगला देईन.”

“आणि अर्धं?”

“मी तिला विचारलं. फाइलमध्ये नसलेल्या माणसाला हिस्सा देता येत नाही म्हणते, लिहून घेतात तसं. आणि अंकल, मी विचारतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, बाबांनी घरात कोणालाच कधी सांगितलं नाही की अर्धं तुमचं होतं. आम्हाला वाटायचं ते तुम्हाला खूश होऊन देतात.”

खूश होऊन. हे दोन शब्द मी अजून गिळतोय. त्याची चूक नाही. बाप घरी येऊन बायकामुलांना धंदा सांगणाऱ्यांतला नव्हता, मीही नव्हतो. माझ्या मुलांना गावी विचारा, तीही सांगतील, आमचे बाबा मस्कतला गवंडी आहेत.

मी म्हटलं, “पगार मी मिशा काळ्या होत्या तेव्हा शेवटचा घेतला. आता नाही घ्यायचा.”

“अंकल, मग मी घर घेत नाही.”

हे तो मनापासून म्हणाला, आणि तिथेच मी अडकलो. तो घेणार नाही तर शेजारचा घेणार. बाईला मी शब्द दिला होता की पाडलं जाणार नाही. माझं नाव कुठे येणार नाही म्हणून त्या झाडावर कुऱ्हाड घालायची, इतका मी हट्टी नाही. किंवा आहे, पण त्या दिवशी जमलं नाही. मी म्हटलं, “घे तू. झाड तोडायचं नाही एवढं मला सांग.” तो म्हणाला, “वल्ला, शपथ, नाही तोडणार.”

बाईकडे मीच गेलो सांगायला. दुसऱ्याच्या तोंडून तिला कळायला नको होतं. ती म्हणाली, अर्बाबचा मुलगा म्हणजे अर्बाबच. मग विचारलं, “कामावर तू असशील ना?” मी म्हटलं, “इन्शाल्ला.” तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि माझा फिंजान, कहव्याचा तो छोटा कप, पुन्हा भरला.

पैसे ईदच्या आत मंजूर झाले. मी इतके महिने दारोदार फिरलो त्याला काही झालं नाही, आणि त्या मुलाच्या चार सह्यांनी झालं. रुसैलहून एका कंपनीची बस कामगार घेऊन आली. सुपरवायझर पोरगा भला होता, मी गेटपाशी उभा होतो तर म्हणाला, चाचा, आत धूळ आहे, तुम्ही सावलीत बसा. मी बोराखाली बसलो. न्हाणीघराची फरशी फोडायला त्यांनी दाराकडून सुरुवात केली. दाराकडून करत नाहीत, पाइप आधी मोकळा करायचा. मी उठलो, आणि परत बसलो. कोण म्हणून सांगणार होतो?

इलेक्ट्रिशियनला मात्र मुलाने वायरिंगचं काम दिलं. तो रात्री खोलीवर येऊन माझ्याशी नजर मिळवत नव्हता. मी म्हटलं, “अर्थिंग नीट कर, तिथे जमीन कोरडी आहे.” “माका शिकवतंस?” म्हणाला. मग जेवताना त्याने माझ्या ताटात आपला मासा टाकला. मी परत त्याच्या ताटात टाकला. असं दोनतीन वेळा झालं आणि शेवटी आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी अर्बाबकडे गेलो. तो मागच्या अंगणात बसला होता, दाढी कोणीतरी नीट केली होती. मी कहवा ओतला, त्याच्या डाव्या हातात दिला, तो सांडला तो पुसला. मग सांगितलं. “ते बोराचं घर. आपण बघितलेलं. घेतलं.”

त्याचे डोळे मोठे झाले. “झैन,” तो म्हणाला. “झैन, झैन.”

कोणाच्या नावावर, ते मी सांगितलं नाही. त्याने विचारायचा प्रश्नच नव्हता. नाव तर नेहमी त्यांचंच असायचं.

मग त्याने फिंजान बाजूला ठेवला आणि डावा तळहात माझ्यापुढे पसरला. मला आधी वाटलं, खजूर मागतोय. खजूर ठेवला तर त्याने तो खाली टाकला आणि हात तसाच धरला. बोटं हलवत होता. यल्ला, यल्ला. मग माझ्या लक्षात आलं. किल्ली. किल्ली आधी त्याच्या हातात यायला हवी, मग माझ्या.

घराची किल्ली मुलाकडे होती. मुलगा ऑफिसात होता. आणि आणली असती तरी ती माझ्या हातात देण्याचं आता काही कारण नव्हतं.

मी खिशात हात घातला. आमच्या खोलीची किल्ली होती, पत्र्याच्या दाराची, दोरा बांधलेली. ती मी त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती जरा वर-खाली केली. वजन बघितलं. आणि मग हात लांब करून माझ्या हातात दिली.

“यल्ला,” तो म्हणाला, आणि मी उठायची वाट बघू लागला.